पाचव्या फेरीची सुटका

मी एका इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या संगणकात राहणारी जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञा. माझ्या उण्यापुऱ्या सव्वीस ओळी. मित्रांनो, मला ना चाके, ना दिवे. माझे कौतुक कोण करणार? एकाच माणसाने केले.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनीच मला लिहिले. माझे काम एकच: इथले एक्स-रेचे फोटो दुसऱ्या संगणकावरच्या मोठ्या साठ्यात पाठवायचे आणि पलीकडे विचारायचे, 'पोहोचला का?' 'पोहोचला' असे उत्तर येईपर्यंत तोच फोटो पुन्हा पाठवायचा, पुन्हा विचारायचे. "चिवट आहे हो माझी पोर," असे ते एक्स-रेवाल्या ताईंना सांगायचे. कधी एका फोटोसाठी मी चाळीस फेऱ्या मारल्या, पण अकरा वर्षांत एकही गहाळ होऊ दिला नाही.

मास्तर निवृत्त झाले. नव्या साहेबांना माझ्या फेऱ्या बघवेनात.

"पाच वेळा विचारू दे. मग पुढे जायचं आणि शेवटी 'सगळे पोहोचले' लिहायचं."

"अहो, पण उत्तर 'नाही' आलं तर?" ताईंनी विचारले.

"ताई, मला रिपोर्ट संध्याकाळी पाचच्या आत लागतो."

माझी एक ओळ बदलली. उत्तर काहीही येवो, पाचव्या फेरीला सुटका.

एका मंगळवारी वायर सैल झाली. प्रत्येक फोटोला पाच वेळा 'नाही' आले आणि मी साळसूदपणे लिहिले, 'सगळे पोहोचले'. त्या भरवशावर साहेबांनी इथले फोटो पुसून जागा मोकळी केली.

वर्षभराने एक सुतार खोकत आला. त्याच्या छातीत डाग दिसला. डॉक्टर ताईंना म्हणाले, "यांचा मागचा फोटो काढा. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर हात लावायची गरज नाही." तो फोटो त्या मंगळवारचा होता. ताई दुपारभर शोधत राहिल्या. शेवटी सुताराची छाती उघडावी लागली. आत निघाली जुनीच, निरुपद्रवी गाठ.

"मग कापलं कशाला?" त्याच्या बायकोने विचारले. त्याचा उजवा खांदा आता वर जात नाही. करवत सुटली ती सुटलीच.

साहेबांनी चौकशीत लिहिले, 'स्क्रिप्टचा दोष'. माझे कान कापणाऱ्यानेच मला बहिरी ठरवले! ती ओळ मात्र कोणी दुरुस्त केली नाही. चौकशीचा रिपोर्टही पाचच्या आत हवा होता.

मित्रांनो, मला पुसून टाका, मी रडणार नाही. पण ठेवणार असाल, तर मला उत्तर ऐकू द्या. आज वायर पुन्हा सैल झाली आहे. एका फोटोला तीनदा 'नाही' आले आहे. अजून दोन फेऱ्या, मग मी लिहीन, 'सगळे पोहोचले'.