आठवा चौकोन

फोन आला तेव्हा मी एका वकिलांना कागद परत देत होतो. दिवाणी दावा निकाली निघाला की वकिलांनी आमच्या कोर्टाच्या नोंद शाखेत एका पानाचा तपशील द्यायचा असतो. दावा कसा संपला, त्या चौकोनात खूण करायची. यांनी खूण "इतर"वर केली होती. शंभरातले साठ जण तेच करत.

"साहेब, संपला ना दावा? कसा संपला त्याचं काय लोणचं घालायचंय?"

मी हसतच फोन घेतला. पलीकडे बायकोचा भाऊ होता. ताई गेली, म्हणाला. बाजारात चक्कर आली, दवाखान्यात पोचेपर्यंतच.

तो तपशिलाचा कागद सुधारायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी घरी मी मसुदा वाचून दाखवायचो आणि ती भाजी निवडत ऐकायची. "निष्पत्तीचा प्रकार" हे शब्द तिनेच खोडायला लावले. म्हणाली, असं विचारलंत तर मीपण इतरच म्हणेन. सरळ विचारा, शेवटी काय झालं. मग आम्ही सात चौकोन केले: तडजोड झाली, दावा मागे घेतला, हुकूम झाला, असे सहा, आणि सातवा इतर.

तिचा स्वतःचाही एक दावा चालू होता. शेजाऱ्याने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून भिंत उभी केली होती, त्याला सहा वर्षं झाली होती.

"अहो, निकालाआधी मीच मेले तर कुठे खूण करायची?"

"इतर."

"बरंय. जन्मभर घरची, शेवटी इतर."

दोघंही हसलो. मी चौकोन काही वाढवला नाही.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी नवा कागद लागू झाला. साठावरून "इतर" नऊवर आलं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. घरी आलो, कुलूप काढलं, सांगायला तोंड उघडलं आणि तसाच दारात उभा राहिलो.

दाव्यात तिच्या जागी वारस म्हणून माझं नाव लावायला मुदत होती. तिच्या वकिलांनी तीनदा निरोप पाठवला. मी गेलो नाही. खिडकीशी उभं राहणारं माणूसच नव्हतं. मुदत टळली आणि दावा संपला.

गेल्या आठवड्यात तिच्या वकिलांचा कागद माझ्या टेबलावर आला. खूण "इतर"वर, पुढची ओळ कोरी. कारण न लिहिलेलं "इतर" परत पाठवायचं, हा नियम माझाच. मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी कागदावरच्या चौकोनांवरून बोट फिरवलं.

"वहिनींसाठी जागा शोधली मी," ते म्हणाले. "तुमच्या कागदात नव्हती."

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले.

कागद माझ्या खणात आहे. परत पाठवलेला नाही, नोंदवलेलाही नाही. आठवा चौकोन टाकायचा राहिला आहे.