उषाबाईच्या खुब्याचं हाड

जीप दारात थांबली तेव्हा राजानंद गवंडी अंगणातल्या नव्या ओट्यावर पाणी मारत होता. जीपमधून धावडा गावचे अण्णासाहेब उतरले, मागून त्यांची बायको शिवकन्या. राजानंद त्यांना ऐकून ओळखत होता. बडं घर, गावात शब्दाला वजन. असली माणसं जाफराबादच्या बौद्ध वस्तीत कुणाकडं बसायला येत नाहीत. अण्णासाहेब काठी न घेता सरळ चालत आले, हेही त्यानं पाहिलं. बायको गेल्यापासून माणसांच्या चालीकडं बघायची त्याला सवयच लागली होती.

सतरंजी टाकली, ते कडेला टेकले. पाणी आणलं तर शिवकन्या म्हणाली, आत्ताच रस्त्यात पिलो. तांब्या तसाच राहिला.

अण्णासाहेबांनी फार लांबून सुरुवात केली. मोटरसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकला, पण हाड काही जुळेना, मधली फट तशीच. शेवटी नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी त्या फटीत दुसऱ्या माणसाचं हाड बारीक करून भरलं. कुणाचा खुबा बदलला की आतून निघालेला हाडाचा गोळा ते फेकत नाहीत. तपासून, निर्जंतुक करून गोठवून ठेवतात. त्या भरावाच्या आधारानं अण्णासाहेबांचं हाड वाढलं, फट बुजली. त्याला आता दोन वर्षं होत आली.

राजानंदनं ओट्याशी ठेवलेला पाइप वाहतच राहिला. उषाबाईचा खुबा त्याच दवाखान्यात बदलला होता. काढलेलं हाड ठेवू का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती हसली होती. "ठेवा की. मला तर रडवलं त्यानं, दुसऱ्याला तरी चालवंल."

नव्या खुब्यावर ती वर्षभर चालली. मग मेंदूत रक्त उतरलं आणि एका दिवसात गेली.

नंतर राजानंद डॉक्टरांना विचारायला गेला होता, ते हाड कुणाला दिलं म्हणून. नाव सांगता येत नाही म्हणाले. पण तो गवंडी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. भरलेलं हाड म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग, तात्पुरता टेकू. त्याच्या आधारानं माणसाचं स्वतःचं हाड वाढतं, आणि शरीर ते जुनं हळूहळू खाऊन टाकतं. यातलं पहिलं राजानंदनं मनात ठेवलं, दुसरं कानाआड केलं. कुठंतरी कुणीतरी उषाबाईच्या आधारावर उभं आहे, एवढ्यावर त्याचे दिवस चालले होते.

आता तो कुणीतरी समोर बसला होता.

अण्णासाहेब मुद्द्यावर आले. दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईनं परवा सांगितलं की तुमच्या पायात जाफराबादच्या गवंड्याच्या बायकोचं हाड आहे. ते अण्णासाहेबांच्या म्हाताऱ्या आईच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती त्यांना देवघरात येऊ देत नाही, ताटसुद्धा वेगळं वाढते.

"आम्ही काही मानत न्हाई, राजानंदभाऊ," अण्णासाहेब म्हणाले. "पण म्हातारी ऐकून न्हाई राह्यली. ते तुमच्या घरचं न्हाई, एवढं एकदा फोनवर सांगा तिला."

"आन असंल तर तसं सांगा," शिवकन्या म्हणाली. "पूजा घालून शांत करता येती. पण आधी बराबर कळाया पाहिजे."

बोलता बोलता अण्णासाहेब मांडीवरून तळहात फिरवत होते. धोतराला काही लागलं की माणूस पुसतो, तसं. राजानंद त्या हाताकडं बघत राहिला. हा माणूस ज्या आधारावर उठून दारापर्यंत चालत आला, तोच आधार पुसून काढत होता.

हो, तिचंच आहे, असं म्हणावं. जन्मभर जळू दे. शब्द जिभेवर आले. पण मग उषाबाईला तिथंच राहावं लागलं असतं. त्या मांडीत, त्या तळहाताखाली. वरून गोमूत्र शिंपडून घेत. त्यानं ते शब्द गिळले.

"कुणाचं होतं ते दवाखान्याला ठाऊक," तो म्हणाला. "पण आता ते न्हाई. भरलेलं हाड अंग खाऊन टाकतं. तुमच्या मांडीत सगळं तुमचंच हाड आहे."

"बिलकुल न्हाई उरलं?"

"कणभर न्हाई."

कणभराचं डॉक्टर काही बोलले नव्हते. ते त्यानं आपल्या पदरचं घातलं.

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. शिवकन्या मात्र विचारात पडली. "खाल्लं म्हणता," ती म्हणाली. "मंग खाल्ल्याचं काही लागत तर न्हाई ना?"

"ते म्हातारीला विचारा," राजानंद म्हणाला. "तिला सगळं कळतं."

टोमणा अण्णासाहेबांना कळला. शिवकन्येला कळला नाही. ते घाईनं उठले, फोनचं काही बोलले नाहीत. जीपपर्यंत गेले ते अगदी सरळ चालीनं. राजानंदनं त्यांच्या पायाकडं पाहिलं नाही.

शेजारच्या केशरबाईनं भिंतीवरून विचारलं, एवढी मोठी माणसं कशाला आल्ती म्हणून. तो म्हणाला, उषाची चौकशी करायला आल्ते.

"मंग काय सांगितलंस?"

"गेली म्हणलं. कणभर न्हाई उरली," राजानंद म्हणाला, आणि त्याला खाली बसावं लागलं.