स्टोल राहिला

जायच्या आदल्या दिवशी बाबा इस्त्री करत होते. चर्चचे पाळक म्हणून सगळा जन्म गेला, तरी प्रभुभोजनाचा पांढरा झगा त्यांनी एक वेळ सोडली तर दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

"तुझ्या आत्याला एकदा दिला होता," ते लेकीला म्हणाले. "बाहीवर इस्त्रीचं अख्खं नाक उमटलं. किती दिवस वेदीपाशी हात आखडून उभा राहत होतो."

"मग काय झालं?" आतून आत्या कडाडली. "प्रभू काय तुझ्या सुरकुत्या मोजतो, दादा?"

लेक हसली. कॉलेजात शिकवणारी, पुस्तकांचे ढीग पालथे घातलेली बाई. पण या घरात तिचं नाव अजून ससाच होतं. झगा नीट बसतो का बघायला बाबांनी तो डोक्यावरून घालायला घेतला, तशी ती चहाचं निमित्त काढून सटकली.

भीती जुनीच होती. लहानपणी एका रविवारी ती प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी सगळ्यांबरोबर रांगेत गुडघे टेकून बसली होती. बाबा समोर आले. तिनं हळूच हाक मारली, "बाबा." त्यांनी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला, इतरांना म्हणत तेच शब्द म्हटले आणि पुढच्या तळहाताकडे वळले. डोळ्यांत ओळखच नव्हती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं. "तिथे मी नसतो, ससोबा. वस्त्रं त्यासाठीच तर असतात. माणूस झाकायचा, म्हणजे ज्याचं काम आहे तो दिसतो."

त्यांना वाटलं, पोरीची समजूत पटली. पोरीच्या मनात मात्र घर करून बसलं ते भलतंच. माणूस झाकला की जातो कुठे?

इस्त्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले. त्यांनी आत्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, शेवटची वस्त्रं ससा चढवेल. चर्चच्या मागच्या खोलीत, लांब टेबलावर ते निजले होते. दारापलीकडे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, मंडळी जमू लागली होती. ही वस्त्रं एकदा चढली की पुन्हा उतरणार नव्हती. आज बाबा झाकले की ते कायमचे.

शवपेटीवाला मदतीला होता. त्यानं खांद्यांखाली हात घालून उचललं, तिनं पांढरा झगा ओढला, कमरेला दोरी बांधली. मग त्यावरचा बिनबाह्यांचा, जांभळा, घोळदार झगा. डोळे जवळजवळ मिटूनच तिनं तो डोक्यावरून घातला आणि झटक्यात मागे सरकली.

"झालं बाई एकदाचं," आत्यानं डोळे पुसले.

लेकीची नजर खुर्चीकडे गेली. गळ्यातला लांब पट्टा, स्टोल, तिथेच लटकत होता. घाईत तो राहिलाच होता.

"वरून घाल की," आत्या म्हणाली. "कोण बघतंय?"

"वरून नाही घालायचा, आत्या. तो या झग्याच्या आत असतो."

स्टोल म्हणजे अधिकार, मानेवरचं जू. वरचा झगा म्हणजे प्रेम. अधिकार कधी उघडा मिरवायचा नाही, त्याच्यावर प्रेमाचं पांघरूण हवं, हे तिला लिहावाचायला येण्याआधीपासून पाठ होतं.

"ताई, झगा मागून कापू का?" शवपेटीवाल्यानं कात्री दाखवली. "आम्ही सर्रास करतो. पाठ कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईकानं आजवर तक्रार केली नाही."

"मेल्या, वेळ काय, बोलतोस काय!" आत्या खेकसली. पण तिला मध्येच हुंदका की हसू असं काहीतरी फुटलं.

"कापायचं नाही," लेक म्हणाली. "मी धरते. तुम्ही झगा वर घ्या."

धरायचं म्हणजे मिठीच मारावी लागली. तिनं दोन्ही हात बाबांच्या पाठीमागे नेले आणि अंगाचा सगळा जोर लावून त्यांना आपल्याकडे ओढलं. त्यांची थंड हनुवटी तिच्या मानेला टेकली. तिला हात सोडून पळावंसं वाटलं. शवपेटीवाल्यानं जांभळा झगा वर केला. आत्यानं स्टोल पुढे धरला. बाबा करायचे तसं लेकीनं त्यावर ओठ टेकवले आणि एका हातानं तो त्यांच्या मानेवर टाकला. आत्यानं दोन्ही टोकं छातीवर फुलीसारखी आणून दोरीत खोवली. जांभळा झगा पुन्हा खाली आला. त्याच्या घोळात तिचे हातही झाकले गेले.

"सोड आता, ससा. लोक खोळंबलेत."

तिनं सोडलं नाही. सगळा भार तिच्या अंगावर होता.

"बाबा," ती म्हणाली. सगळी वस्त्रं अंगावर असताना, मोठ्यानं. दारापलीकडच्या खुर्च्यांचा आवाज थांबला. "मला तुमची फार भीती वाटायची. दर रविवारी वाटायची. तरी मी रांगेत तुमच्याच समोर येऊन बसायचे. तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघावं म्हणून."