डावा कान

मिलिंद तेवीस दिवसांनी घरी आला तो शनिवारी दुपारी. सत्त्याण्णव सालचा मार्च होता. साताऱ्याच्या एमआयडीसीत साखर कारखान्यांसाठी पंप बनवणारी एक कंपनी होती, तिचा तो सर्व्हिस इंजिनिअर. गळीत हंगामात पंप बंद पडला की लातूर, बिदर, गुलबर्गा, जिथून बोलावणं येईल तिकडे याने धावायचं. घर मात्र सांगलीत, विश्रामबागला, कारण बायको आम्रपाली तिथल्या शाळेत गणित शिकवायची.

ती ओट्याशी भाकरी थापत होती. शेजारच्या रंगुबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसलेल्या. बॅग ठेवता ठेवता मिलिंद म्हणाला, "आधी चहा टाक." ती वळली नाही. तो पुन्हा बोलला. तिसऱ्या वेळी ओरडलाच, "अगं, माणूस आलाय घरात!"

"आवं, त्या अंगानं वरडून काय उपेग?" रंगुबाई म्हणाल्या. "डावा कान गेलाय न्हवं बाईंचा. इकडनं बोला."

"कधी?"

"दिवाळी झाली आन् लगोलग. चार म्हयनं झालं की. तुमास्नी ठावं न्हाई?" विचारता विचारता त्या स्वतःच ओशाळल्या आणि मेथीची जुडी उचलून घरी गेल्या.

आम्रपालीने वळून बघितलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं काय झालं ते. तिने चहाचं आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी मिलिंद नुसता बघत राहिला. सात वर्षांची अक्षता आईशी बोलायचं असलं की वळसा घालून तिच्या उजव्या हाताला जायची. पोरीच्या अंगवळणी पडलं होतं. या चार महिन्यांत तोही पाच-सहा वेळा घरी येऊन गेला होता.

"मला सांगितलं का नाहीस?" शेवटी त्याने विचारलं.

"सांगितलं होतं. फोनवर."

आणि त्याला आठवलं. बिदरचा एसटीडी बूथ, मागे रांग. ती म्हणाली होती, कानात सारखं घुंई घुंई होतंय, गरगरतंय, तुम्ही आलात की डॉक्टरांकडे जाऊ. तो म्हणाला होता, मळ असेल, कोमट तेल सोड, परवा येतोच. त्या परवाचे अकरा दिवस झाले होते.

"मग उशिरा गेले मिरजेला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच आठवड्यात आल्या असतात तर काही करता आलं असतं."

"मग आधीच एकटी का नाही गेलीस?" तोंडून निघून गेलं आणि त्याचं त्यालाच लागलं.

"चुकलंच माझं. उभं राहिलं की तोल जायचा. तुमची वाट बघत बसले." ती अक्षताच्या वह्या आवरत होती. "नंतर सांगून काय झालं असतं? तुम्ही दोन दिवसांसाठी येता. त्यात हे कुठे काढू?"

सोमवारी तो साताऱ्याला मॅनेजर पाटणकरांसमोर उभा राहिला. पाटणकर फौजेतून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडचा.

"साहेब, मला सांगली-कोल्हापूरकडचे कारखाने द्या. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल एवढेच."

"सीनियरची जागा तुझ्या नावाने ठरलीय. फिरती सोडलीस तर ती शिवतेजला जाईल."

"जाऊ द्या."

"अरे, मी अठरा वर्षं सरहद्दीवर काढली. घर चाललंच की!"

"चाललं असेल, साहेब. कसं चाललं, ते तुम्ही घरी विचारलंत कधी?"

पाटणकरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्याचा अर्ज ओढून घेतला आणि सही केली. खुर्चीवर बस, असं मात्र म्हणाले नाहीत. बरोबरीच्या शिवतेजने कंपनीच्या फाटकाशी गाठलं. "गड्या, अशी जागा कोन सोडतं व्हय? लय येडा हाईस."

घरी त्याला वाटलं होतं, आम्रपालीला बरं वाटेल.

"माझ्यासाठी केलंत?" तिने विचारलं.

"हो."

"मग ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नका. हिच्या कानापायी जागा गेली, असं उद्या तुमच्या मनात आलं तर मला सोसायचं नाही."

पुढचे दोन महिने कठीण गेले. रोज साडेसहाला घरी येणाऱ्या माणसाला घरात काम नव्हतं. तो भाजी आणायचा, ती आधीच आलेली असायची. आम्रपालीशी मुद्दाम मोठ्याने बोलायचा, मग ती चिडायची, "अख्खी बहिरी नाही झाले मी." एकदा अक्षताने विचारलं, "बाबा, तुमची फिरती आता कधी आहे?" निष्पाप प्रश्न होता, पण त्याने हातातला घास ताटात ठेवला. शिवतेज नव्या हुद्द्यावर लातूरला गेल्याचं कळलं त्या दिवशी तो कृष्णेच्या घाटावर नुसताच बसून राहिला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्रपालीच म्हणाली, "एक काम आहे. याल?"

शाळेत तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. दहावीचा वर्ग काढून घेतील, ही धास्ती. पण फळ्यावर लिहिताना खिडकीकडची पोरं उत्तर देतात ते तिला कळत नव्हतं, आणि मागच्या वर्षी एकदा वर्ग हसला होता. शिपाई केरबाकडून किल्ली घेऊन दोघं रिकाम्या वर्गात गेली. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"एकेका बाकावर बसा आणि बोला. पोरं बोलतात तसं. ओरडायचं नाही."

तो दाराकडच्या रांगेपासून पाढे म्हणत निघाला. ऐकू आलं की ती हात वर करायची. खिडकीकडच्या रांगेत हात वर होईनासा झाला. तिसऱ्या बाकावर मिलिंद थांबला. तिची पाठ होती. तो पुटपुटला, "त्या दिवशी मी यायला हवं होतं."

हात वर झाला नाही. तिने वळून विचारलं, "काही म्हणालात?"

आता सत्तावीस त्रिक म्हणून सुटता आलं असतं. तो उठला, बाकांमधून तिच्या उजव्या बाजूला गेला आणि तेच पुन्हा म्हणाला.

तिने हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. "हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं." मग तिने पदराने हात पुसले. "चौथा बाक राहिलाय," ती म्हणाली, आणि तो जाऊन बसला.