खोक्याचा डगला

भिंगरी सकाळपासून घरभर फिरत होती. रेडिएटर चाचप, थर्मामीटर बघ, पुन्हा रेडिएटर चाचप. घरात सगळे तिला भिंगरीच म्हणायचे, आणि आज तर तिने नावाचं सोनं केलं! संध्याकाळी आत्या येणार होती. घर असंच गारढोण असेल, तर ती आजोबांना आपल्याकडे घेऊन जाणार होती. आजोबांची छाती नाजूक. त्यांना उबळ आली की कपाटातल्या बश्यासुद्धा वाजायच्या.

आणि हे सगळं भिंगरीच्या हट्टामुळे! जुना बॉयलर बिघडला तेव्हा बाबा नवा बॉयलरच आणायला निघाले होते. ती आडवी आली. "बाबा, हीट पंप! तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. वीज कितीतरी कमी लागते."

"बाहेर दात वाजताहेत आणि हा तिथून ऊब आणणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार गं?"

पण तिने बाबांचं डोकं खाल्लं. मेकॅनिककाकांना बोलावून खोल्या मोजून घेतल्या, म्हणजे पंप घराच्या मानाने मोठाही नको आणि लहानही नको. खिडक्यांच्या फटी बुजवायला लावल्या. शेवटी बाबांनी हात टेकले.

सुरुवातीला घर मस्त उबदार झालं. परवापासून मात्र पंपाने मान टाकली. तिने तापमानाचा आकडा वर केला, खाली केला, पंप बंद करून पुन्हा चालू केला. छे!

"आधी तुझे हात आवर," मेकॅनिककाका फोनवर ओरडले. "कान पिळला की धावायला तो काय बॉयलर आहे? एकवीसवर ठेव आणि विसरून जा. तो हळूहळू चालतो, पण सतत. आणि पंपाच्या बाहेरच्या खोक्याला हवा मिळतेय का, ते बघ."

भिंगरी अनवाणीच मागच्या दारातून पळाली आणि जागच्या जागी थिजली.

खोक्याने डगला घातला होता! जाडजूड, कापूस भरलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आतला पंखा घुसमटून घुरघुरत होता.

"कसा बसलाय बघ!" मागून काठी टेकत आजोबा आले. सगळी हयात त्यांनी शिंपीकाम केलं होतं. "बिचारा रात्रंदिवस गारठ्यात उभा. म्हटलं, त्याला ऊब मिळाली तर तो आपल्याला देईल. पंप बसल्यापासूनच तुझी आत्या 'घर गार पडलं तर घेऊन जाईन' म्हणतेय. मला नाही जायचं गं तिच्याकडे. तिथे माझं शिलाई मशीन ठेवायला कोपरासुद्धा नाही."

भिंगरीने डगल्याच्या शिवणीवरून हात फिरवला.

"आजोबा, डगला एक नंबर झालाय. पण हा त्या जाळीतून श्वास घेतो. तुम्ही त्याचं नाकच शिवून टाकलंत!"

आजोबांनी वाकून जाळीकडे पाहिलं. मग हसता हसता खोकले. "म्हणजे मीच माझी बॅग भरत होतो की!"

बटणं त्यांनी स्वतःच काढली. जाळीवर साचलेला बर्फ वितळून टपटपू लागला आणि पंखा मोकळा घुमायला लागला.

खरा छळ आता सुरू झाला. आकडा एकवीसवर, आणि हात लावायचा नाही! थर्मामीटरचा पारा मुंगीच्या पावलांनी चढत होता.

"तीसवर ठेवू का? थोडाच वेळ?"

"बस खाली." आजोबांनी बटणांचा डबा तिच्या मांडीवर उपडा केला. "रंग वेगळे कर."

तिने ते वेगळे केले, पुन्हा मिसळले, पुन्हा वेगळे केले.

संध्याकाळी आत्या आली ती बोलतच. "दादा, मी आधीच म्हटलं होतं, पोरीच्या नादी लागू नकोस. हे बघ, रेडिएटर नुसता कोमट!"

"कोमटच असतो, आत्या," भिंगरी म्हणाली. "पण दिवसभर कोमट."

"अप्पांच्या छातीला हे..." आत्याने बोलता बोलता कोटाचं वरचं बटण काढलं.

भिंगरीने आजोबांचा हात घट्ट धरला. आत्याचं तोंड चालूच होतं. दुसरं बटण निघालं.

"चार बटणांचा आहे," आजोबा कुजबुजले.

तिसरं. चौथं. आत्याने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, कपाळ पुसलं आणि मग एकदम आठवून म्हणाली, "अप्पा, तुमची बॅग कुठे आहे?"

"भरलीच नाही," आजोबा म्हणाले.