अठरा बाटल्या

दाजी पहार घेऊन आमच्या पाणी तपासणीच्या कचेरीत घुसले, तेव्हा मी टेबलाखाली शिरलो. माझ्या सख्ख्या ताईचा नवरा, पण डोळ्यांत रक्त उतरलेलं. पहिल्या फटक्यात काचेचं कपाट गेलं, दुसऱ्यात शिपायाचा खांदा.

ताई आठ दिवस इस्पितळात होती, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. तिच्या विहिरीच्या तीन बाजूंना रंगाचे कारखाने आणि गोदामं, चौथीला काळा कालवा. बेडूक केव्हाच गेले, काठाचं गवतसुद्धा जळालं. तरी दर महिन्याला आमचा कागद जायचा: पाणी पिण्यास योग्य. नमुना घेणारा म्हणून खाली माझी सही. शेजारीपाजारी विकतचं पाणी आणायला लागले. ताई म्हणायची, माझा भाऊ खोटं लिहील होय?

आता खरं सांगतो. अठरा विहिरी फिरायचा मला कंटाळा. चिखल, घाण वास, अंगावर येणारी कुत्री. आधीचा माणूस करायचा तेच मी करायचो. पंपघरामागच्या एकाच नळावर अठराही बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या आणि सगळ्या सारख्या दिसू नयेत म्हणून काहींत कुंडीतली चिमूटभर माती टाकायची. ताई आणि दाजी दिवसभर कामावर, विहिरीवर कोण आलं-गेलं त्यांना काय कळणार? ताईच्या बाटलीत माती टाकायला मात्र जीव धजायचा नाही. एवढी माझी माया!

दाजींनी फुटलेल्या कपाटातून नेमकी तीच, ताईच्या विहिरीची चिठ्ठी असलेली बाटली उचलली. पहार काखेत मारून आमच्या साहेबांची गचांडी धरली, त्यांना भिंतीवर आपटलं आणि बाटली त्यांच्या तोंडात कोंबली. ओठ फाटला, एक दात पडला. साहेबांनी रक्तासकट सगळं गिळलं आणि म्हणाले, पाणी चांगलं आहे, उगाच तमाशा करू नका.

दाजींच्या काखेतली पहार गळाली. पहारेकऱ्यांनी त्यांना आडवं पाडून बुटांनी तुडवायला सुरुवात केली. बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं. दाजी हातसुद्धा आडवा घालत नव्हते. "मग माझी बायको कशानं मरतेय?" एवढंच विचारत होते.

मला राहवेना. मी बाहेर आलो.

"दाजी, ते नळाचं पाणी आहे. मीच भरतो."

पहारेकरी थबकले. दाजी कसे उठले देव जाणे, पण उठले आणि पहारीनं त्यांनी माझा जबडा फोडला. मी पडल्यावरही मारत राहिले.

आम्हा दोघांना ताईच्याच इस्पितळात आणलं. दाजींच्या हातात बेड्या, शेजारी पोलीस. ताई चाकांच्या खुर्चीतून माझ्या खाटेपाशी आली. माझं तोंड बघून तिनं नवऱ्याला नाही नाही ते शिव्याशाप दिले. दाजी खाली मान घालून ऐकत राहिले. मग तिनं माझा हात धरला.

"याचं डोकं फिरलंय. तू येत होतास ना रे विहिरीवर?"

माझा जबडा तारांनी बांधलेला होता. नुसते डोळे मिटून घेतले असते तरी चाललं असतं. मी नकारार्थी मान हलवली.

ताईनं माझा हात सोडला आणि पोलिसाला म्हणाली, "ह्यांना सोडा हो."