निळ्या वाटीतलं चीज

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्यानं आधी आपली नाडी दाखवून घ्यावी. पण चाखूकाका चीजच्या कारखान्यात चव बघायला होते, तेव्हा नुसता तुकडा जिभेवर ठेवून सांगत, की गाईला त्या दिवशी शिंक आली होती की उचकी. एकदा तर त्यांनी अख्खा हौद नापास केला. का, तर म्हणे दूध काढणाऱ्याचं बायकोशी वाजलं होतं. चौकशी केली, तर खरंच वाजलं होतं!

हे सगळं काकाच सांगत, त्यामुळे खोडून काढायला कोणी नव्हतं.

पण गेल्या हिवाळ्यात सर्दी आली, ती जाताना काकांची चव घेऊन गेली. गूळ काय नि साबण काय, सगळं सारखंच. घरात पुतण्या आणि त्याची बायको, म्हणजे काकांची सून. दोघांनाही पत्ता नाही. पुतण्यानं एकदा चुकून चहात मीठ घातलं, तर काकांनी कप संपवून वर आणखी अर्धा मागितला. काका थट्टा करतात म्हणून दोघं पोट धरून हसली. काकाही हसले. चहात मीठ होतं हे त्यांना त्या हसण्यावरून कळलं.

सून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिचं काम पेप्टाइडचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच लहानसा तुकडा, मण्यांच्या माळेसारखा. काही पेप्टाइडं जंतूंना मारतात. चीजमध्ये घातली की चीज टिकतं. गोम अशी, की चीजमध्येच काही एन्झाइम असतात कात्रीसारखी. माळेचं मोकळं टोक सापडलं की एकेक मणी तोडत सुटतात. राखणदारच गारद, मग जंतूंना रान मोकळं. सुनेनं माळेची दोन्ही टोकं जोडून कडं केलं. कात्रीला धरायला टोकच नाही! कडं टिकलं. यंत्रांनी तसा निर्वाळा दिला. आता माणसांच्या जिभा हव्या होत्या, आणि चव बघणाऱ्यांच्या मंडळात एक खुर्ची रिकामी होती.

"खुर्ची तुमचीच, काका," सून म्हणाली. "पण नियम म्हणून आधी परीक्षा."

काकांना ती खुर्ची जिवापाड हवी होती. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना सल्ले देत, आणि लोक आता रस्ता ओलांडून पलीकडून जात.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेनं दोन वाट्या मांडल्या, एक निळी, एक पांढरी. एकीत कडं घातलेलं मऊ चीज, दुसरीत साधं, तितकंच जुनं. दिसायला जुळी भावंडं. कडं कोणत्या वाटीत, ते काकांनी चाखून ओळखायचं. चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून ती पाठ करून उभी राहिली. पुतण्या दाराशी टेकून गंमत बघत होता.

काकांनी कोमट पाण्यानं चूळ भरली. निळ्यातलं चाखलं, टाळूवर दाबलं, नाकानं श्वास सोडला, पेल्यात थुंकले. पांढऱ्यातलं चाखलं. दोन्हीकडे खडू.

आता चेहरा वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि चेहरा भिंतीकडे.

"सूनबाई," निळ्या वाटीवर चमचा वाजवत काका म्हणाले, "अगं, इथं तर वरात अडकलीय! कात्रीवाले तुझ्या कड्याभोवती टोक शोधत फिरतायत. एकजण म्हणतो, टोक पुढच्या वळणावर आहे. मागचा म्हणतो, अहो, मघाशीही तुम्ही हेच म्हणालात! चक्कर येऊन पटापट पडतायत बिचारे. ऐक, ऐक, एकजण आईला हाक मारतोय."

सून खळखळून हसली आणि मागे वळली. तिची नजर निळ्या वाटीवर होती. काकांना तेवढं पुरलं.

"हीच!" त्यांनी वाटी पुढे सरकवली. "आत्ताच काढलेल्या दुधासारखी! आधी गोडवा, मग हलकं लोणी, आणि शेवटी, खोटं वाटेल तुम्हाला, गाईनं खाल्लेलं गवत. कोवळं. दव असलेलं. पन्नास वर्षांत असं चीज जिभेला लागलं नाही!"

सुनेचं हसू मावळलं. चमचा वाजला म्हणून तिनं तिकडे पाहिलं होतं; कडं होतं पांढऱ्या वाटीत. ती काही बोलणार, तोच पुतण्या टेबलाशी आला. गवत, दव, लोणी ऐकून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"बघू, बघू." त्यानं चमचाभर चीज तोंडात टाकलं.

 तसाच धावत मोरीशी गेला, थुंकला, नळाखाली तोंड धरलं.

"कडू! नासून कडूजहर झालंय हे!" ओल्या तोंडानं तो वळला. "काका, कसलं गवत नि कसलं दव? थापा मारताय तुम्ही. तुम्हाला चवच लागत नाही!"